लुथुली मास्तर

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अल्बर्ट लुथुली एका ओळीत आटोपतात. शांततेचं नोबेल मिळवणारे पहिले आफ्रिकी, वर्ष १९६०. खाली लगेच पुढचा प्रश्न. थोडं अधिक वाचलेले लोक सांगतात, की मंडेलांच्या आधीच्या पिढीतले दक्षिण आफ्रिकेतले सर्वांत मोठे पुढारी, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, म्हणजे एएनसीचे, अध्यक्ष, गांधींच्या वाटेनं चालू पाहणारे. हे सगळं बरोबरच आहे. मला मात्र या माणसाची गोडी लागली ती एरवी दोन-चार वाक्यांत उरकल्या जाणाऱ्या भागामुळे. राजकारणात पडायच्या कितीतरी आधीपासून लुथुली फुटबॉलच्या कमिट्यांवर होते. गोल मारणाऱ्यांतले ते नव्हते. टेबलामागे बसून सामने लावायचे, तक्रारी ऐकायच्या, हिशेबाच्या वह्या नीट ठेवायच्या, त्या मंडळींतले होते.

कमिटीवरचा माणूस आपल्याकडे चेष्टेचा विषय. कोल्हापुरातला पेठापेठांचा फुटबॉल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शाहू स्टेडियमवरची गर्दी आठवत असेल. पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की सगळ्यांच्या तोंडी कुठल्यातरी स्ट्रायकरचं नाव असतं. पण तो सामना व्हावा म्हणून कुणीतरी तालमीच्या खोलीत बसून खेळाडूंची नोंदणी मुदतीत भरलेली असते, पंचाची मनधरणी केलेली असते, सामना संपल्यावर दोन्हीकडची पोरं भिडली तर मध्ये कुणी पडायचं हेही ठरवून ठेवलेलं असतं. त्याचा फोटो कुठे छापून येत नाही. लुथुली त्या पठडीतले. पुढे त्यांनी जे केलं, त्याची बैठक अशाच टेबलामागे पक्की झाली, असं मला वाटतं.

जन्म १८९८ च्या सुमाराचा, तेव्हाच्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, बुलावायोजवळच्या एका मिशनवरचा. जन्मतारखेची नोंद नव्हती. वर्षसुद्धा त्यांनी मागाहून हिशेब मांडून ठरवलं. वडील मिशनऱ्यांचे दुभाषी. मूल अंगावर पीत होतं तेव्हाच ते वारले. आई मटोन्या गुमेडे काही वर्षांनी मुलाला घेऊन नाताळ प्रांतात परतली. तिथे पोरगा आधी एका मिशनऱ्याची खेचरं राखत होता. मग त्याला ग्राउटविलला चुलत्यांकडे धाडलं. चुलते मार्टिन लुथुली तिथले चीफ, म्हणजे वस्तीचे प्रमुख, होते. ग्राउटविल ही उम्व्होटी नदीजवळची ख्रिस्ती झुलूंची वस्ती, ऑल्डिन ग्राउट या अमेरिकन मिशनऱ्याच्या नावाची. चहूकडे ऊस. आई जवळच्या स्टॅंगर गावातल्या गोऱ्या कुटुंबांचे कपडे धुवायला आणी, रानात राबे, आणि त्यातून मुलाची फी भरे.

काही महिने ओहलांगेच्या शाळेत गेले. ही जॉन डुबे यांनी काढलेली शाळा. हेच डुबे १९१२ साली निघालेल्या संघटनेचे, म्हणजे पुढच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे, पहिले अध्यक्ष. हाकेच्या अंतरावर गांधींचा फिनिक्स आश्रम. लुथुली तिथे पोचले तेव्हा गांधी दक्षिण आफ्रिका सोडण्याच्या बेतात होते, त्यामुळे त्या भेटीच्या दंतकथा रचण्यात अर्थ नाही. मग पीटरमारित्झबर्गजवळच्या एडनडेलला शिक्षकाचं शिक्षण. तिथे शिक्षा म्हणून मुलांना मोठमोठे दगड लांबवर वाहायला लावत. दगडांनी कपडे फाटत, आणि नवे घ्यायला कुणाकडे पैसे नसत. मुलांनी विरोध केला, त्यात लुथुलीही होते. विरोध फसला, सगळ्यांना शिक्षा झाली. पुढे ज्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालणार होता, त्या माणसाच्या बंडखोरीची सुरुवात फाटक्या कपड्यांच्या हिशेबातून व्हावी, हे मला फार पटतं.

पहिली नोकरी न्यूकॅसलच्या बाजूला ब्लाउबॉश नावाच्या आडगावी, एका लहानशा प्राथमिक शाळेत. मास्तर, हेडमास्तर, सगळं तेच. १९२० साली शिष्यवृत्ती मिळून ते डर्बनच्या दक्षिणेला अमान्झिमटोटीच्या ॲडम्स कॉलेजात वरच्या शिक्षणासाठी आले. ते पुरं झाल्यावर फोर्ट हेअरच्या विद्यापीठाची शिष्यवृत्ती समोर आली. काळ्या तरुणासाठी त्या काळी याच्या वर काही नव्हतं. ती त्यांनी नाकारली. आई थकली होती, तिला आता विसावा हवा होता, आणि ॲडम्समध्ये पगाराची नोकरी मिळत होती. घरचा कर्ता झालेला मुलगा जे करतो ते त्यांनी केलं. आपल्याकडच्या कितीतरी मास्तरांची पुढची पदवी अशीच राहून गेली आहे.

ॲडम्सला ते साधारण पंधरा वर्षं होते. तिथल्या अध्यापक वर्गातल्या पहिल्या आफ्रिकींपैकी ते एक, दुसरे झेड. के. मॅथ्यूज, पुढचे मोठे प्राध्यापक. लुथुली झुलूंचा इतिहास आणि संगीत शिकवत, कॉलेजचं गायकवृंद बसवत, आणि भावी शिक्षकांचे पाठ तपासायला खेड्यापाड्यांतल्या शाळांत जात. हे शेवटचं काम करणारा माणूस गावं ओळखतो. कुठल्या शाळेला छप्पर नाही, कुठला मास्तर महिनोन् महिने पगाराविना आहे, कुठे मुलं पेरणीच्या दिवसांत येत नाहीत, हे त्याला अहवाल न वाचता कळतं. १९२८ साली ते नाताळच्या आफ्रिकी शिक्षक संघटनेचे सचिव झाले, १९३३ साली अध्यक्ष. मधल्या काळात, १९२७ मध्ये, तिथल्याच शिक्षिका नोकुखान्या भेंगू यांच्याशी लग्न झालं. नोकुखान्यांबद्दल पुढे लिहीन, कारण त्यांना एका वाक्यात घालवणं हा अन्याय होईल.

फुटबॉल आला तो याच काळात. कॉलेजच्या संघाचं नाव होतं ॲडम्स शूटिंग स्टार्स. लुथुली त्याचं कामकाज पाहू लागले आणि बघता बघता डर्बनच्या फुटबॉल वर्तुळात ओढले गेले. डर्बन आणि जिल्हा आफ्रिकन फुटबॉल असोसिएशनचे ते उपाध्यक्ष झाले. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की सामना रंगात आला की आपल्याला भान राहत नाही. गंभीर चेहऱ्याचा, चर्चमध्ये प्रवचन देणारा हा माणूस मैदानाच्या कडेला आरडाओरडा करत असेल, हे चित्र गमतीचं आहे. त्यापुढे त्यांनी आणखी एक गोष्ट लिहिली आहे, ती जास्त महत्त्वाची: खेळाइतकीच ओढ होती ती तऱ्हेतऱ्हेच्या माणसांत मिसळण्याची, अगदी प्रतिष्ठितांपासून बदनाम मंडळींपर्यंत.

मिशनच्या आवारात वाढलेल्या माणसाला ही संधी एरवी मिळाली नसती. ॲडम्स म्हणजे इस्त्रीचे कपडे, इंग्रजी, बायबल. डर्बनचं मैदान म्हणजे गोदीतले हमाल, गोऱ्यांच्या घरचे गडी, रिक्षा ओढणारे, गावाकडे बायकापोरं ठेवून कामगारांच्या बराकींत राहणारे तरुण. आठवडाभर कुणीतरी त्यांना ‘बॉय’ म्हणून हाक मारणार, आणि सुटीच्या दिवशी त्यांच्याच संघाचं नाव घेऊन हजारो लोक ओरडणार. त्यांच्या संघटनेत तक्रार कशी मांडायची, ठराव कसा करायचा, मतदान झाल्यावर हरलेल्याने काय करायचं, हे सगळं त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. देशाच्या संसदेसाठी मत देण्याचा हक्क त्यांना नव्हता. फुटबॉल असोसिएशनच्या निवडणुकीत मात्र होता. वर्णद्वेषाच्या त्या जगात आफ्रिकी माणसाला अध्यक्ष निवडण्याचा आणि पाडण्याचा सराव चर्च, शिक्षक संघटना आणि फुटबॉल, अशा मोजक्याच ठिकाणी मिळत होता. लुथुली या तिन्ही ठिकाणी होते.

डर्बनच्या नगरपालिकेचं गणित वेगळं होतं. तिने १९०९ पासून आफ्रिकी लोकांच्या बीअरची मक्तेदारी स्वतःकडे घेतली होती. घरी बीअर गाळणाऱ्या बायकांवर धाडी घालायच्या, पालिकेच्या बीअर हॉलमध्ये तीच विकायची, आणि त्या नफ्यातून आफ्रिकी लोकांच्या बराकी आणि त्यांच्यावरचा कारभार चालवायचा. म्हणजे ज्याला दाबायचं त्याच्याच खिशातून दाबण्याचा खर्च. १९२९ मध्ये या बीअर हॉलवर बहिष्कार पडला, दंगल झाली, माणसं मेली. त्यानंतर मग साहेबांना करमणुकीची आठवण झाली. कामगारांना खेळायला मैदान दिलं तर ते सभांना जाणार नाहीत, असा सरळ हिशेब होता. मैदानं दिली तीही मोजकी, आणि चावी पालिकेकडेच. असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांची अर्धी ताकद मैदानासाठी पालिकेच्या दारात खेटे घालण्यात जायची.

या हिशेबात पालिकेची चूक कुठे झाली, तर खेळाचं राजकारण होत नाही असं तिने गृहीत धरलं. मैदानाची मागणी करायला गेलेला माणूस अर्ज लिहायला शिकतो, शिष्टमंडळ न्यायला शिकतो, ‘विचार करू’ याचा अर्थ ‘नाही’ असा असतो हे शिकतो. लुथुलींचं सगळं पुढचं आयुष्य हे या अर्जबाजीचं मोठं रूप आहे. १९५२ साली चीफपदावरून काढल्यावर त्यांनी जे निवेदन काढलं त्यात विचारलं होतं, की आयुष्याची तीस वर्षं मी बंद, अडसर लावलेल्या दारावर धीराने, संयमाने, नम्रतेने ठोठावत राहिलो, हे कोण नाकारेल? लोक हे वाक्य राजकीय म्हणून वाचतात. १९५२ मधून तीस वजा करा. १९२२ येतं. तेव्हा ते राजकारणात नव्हतेच. मास्तर होते, आणि दाराशी उभे होते ते शाळा, पगार, मैदान असल्या मागण्या घेऊन.

आंतरवांशिक फुटबॉलचा मुद्दा थोडा थांबून सांगण्यासारखा आहे. नाताळात भारतीयांचा फुटबॉल जुना. उसाच्या मळ्यांवर १८६० पासून आणलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारबद्ध मजुरांची, पुढची पिढी शहरात आली आणि तिने क्लब काढले. सॅम चायना कप ही त्यांची १९०३ पासूनची स्पर्धा. आफ्रिकी लोकांची असोसिएशन वेगळी, मिश्रवंशीयांची वेगळी, गोऱ्यांची अर्थातच वेगळी. १९४६ साली नाताळमध्ये इंटर-रेस सॉकर बोर्ड उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत लुथुली होते. यातला विरोधाभास लपवण्यासारखा नाही. संघ वंशावरच बांधलेले: आफ्रिकी विरुद्ध भारतीय, भारतीय विरुद्ध मिश्रवंशीय. मैदानावर पाहिलं तर भेद उलट ठळक होत होता. पण बोर्डाच्या बैठकीला तीन समाजांची माणसं एका टेबलाशी बसत, एकाच नियमावलीवर भांडत, एकमेकांचे हिशेब तपासत. १९५१ मध्ये तिन्ही गटांचं मिळून सॉकर फेडरेशन झालं आणि फिफापुढे जाऊन ‘खरी प्रातिनिधिक संघटना आम्ही’ असं म्हणू लागलं. याच फेडरेशनच्या पाठपुराव्यामुळे फिफाने १९६१ साली गोऱ्यांच्या संघटनेला निलंबित केलं.

आणि १९४६ चं बोर्ड आणि १९५१ चं फेडरेशन यांच्या मध्ये १९४९ चा जानेवारी आहे. डर्बनमध्ये आफ्रिकी जमाव भारतीयांवर तुटून पडला. १४२ माणसं मेली, हजारावर जखमी झाली. दुकानं, घरं जळाली. बोर्ड आणि कप यांनी माणसं जवळ येतात, असं म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवून बोलावं. दोन वर्षं आधीच दोन्ही समाजांच्या डॉक्टर पुढाऱ्यांनी, आफ्रिकी बाजूने झुमा, भारतीय बाजूने दादू आणि नायकर यांनी, एकत्र लढण्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. तोही ही आग अडवू शकला नाही. एवढं मात्र खरं, की त्यानंतर एएनसीतल्या ज्यांना भारतीयांबरोबर काम करणं नकोसं होतं, त्यांच्याशी लुथुलींनी सतत वाद घातला. त्यांना भारतीय हे भाषणातून किंवा दुकानाच्या गल्ल्यापलीकडून माहीत नव्हते. वर्षानुवर्षं एका टेबलावर बसून भांडलेले होते. नाताळ इंडियन काँग्रेसचे डॉ. मॉंटी नायकर पुढे त्यांचे जवळचे सहकारी झाले. लुथुली स्थानबद्ध असताना स्टॅंगरमधल्या भारतीय मित्रांची दुकानं आणि कचेऱ्या हेच त्यांचं भेटीगाठींचं ठिकाण होतं.

चीफपदाकडे वळतो. ग्राउटविलचे वडीलधारे दोनेक वर्षं त्यांच्या मागे लागले होते, की गावात या आणि चीफ व्हा. इथलं चीफपद वंशपरंपरेचं नव्हतं. ख्रिस्ती वस्तीची ही निवडून देण्याची रीत. लुथुली टाळत होते. मास्तरकीचा बरा पगार सोडून त्याहून कितीतरी कमी पैशांवर, सरकारच्या पदरचा चीफ व्हायचं, आणि वर भाऊबंदकीचे तंटे सोडवायचे, हे कुणाला हवं असतं? १९३५ च्या अखेरीस त्यांनी हो म्हटलं, १९३६ च्या सुरुवातीला गावी आले. सुमारे पाच हजार माणसांचा कारभार होता. बरेच चीफ दंड आणि फियांवर हात ओले करून पगाराची तूट भरून काढत. लुथुलींनी ते केलं नाही. गावच्या बैठकीत बायकांनाही बसवलं, जी त्या वेळी ऐकिवात नसलेली गोष्ट.

पण त्यांचं खरं कौशल्य दिसतं उसात. १९३६ च्या साखर कायद्याने उत्पादनावर मर्यादा आणली, प्रत्येक शेतकऱ्याला कोटा ठरवून दिला. मोठ्या गोऱ्या मळेवाल्याला याचा फारसा त्रास नव्हता. ग्राउटविलच्या दोन-चार एकरवाल्याला होता. एखाद्या वर्षी घरात आजारपण निघालं, नांगरट उशिरा झाली, की त्याचा ऊस कोट्यापेक्षा कमी यायचा. शेजाऱ्याचा जास्तीचा ऊस मात्र उभा वाळायचा, कारण त्याचा कोटा संपलेला. लुथुलींनी गावातली मरगळलेली ऊस उत्पादक संघटना पुन्हा उभी केली आणि अर्ज, शिष्टमंडळं, गाठीभेटी यांचा नेहमीचा रस्ता धरला. मागणी साधी होती: कोटा माणशी नको, सगळ्या वस्तीला मिळून एकच द्या, आतली वाटणी आमची आम्ही करू. ही मागणी मान्य झाली. उसाची नोंद, तोड आणि कारखान्याची तारीख यांत ज्यांचं आयुष्य गेलं आहे, त्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पुढे त्यांनी नाताळ आणि झुलूलँडच्या सगळ्या आफ्रिकी ऊसवाल्यांची संघटना काढली. मला विचाराल तर नोबेलच्या पदकापेक्षा हा कोटा त्यांच्या कर्तबगारीचा अधिक अस्सल पुरावा आहे. सरकारने त्यांचं ऐकल्याची उदाहरणं फार थोडी आहेत, त्यांतलं हे एक.

१९३८ च्या डिसेंबरात ते मद्रासजवळ तांबरमला जागतिक ख्रिस्ती मिशन परिषदेसाठी येऊन गेले. १९४८ मध्ये अमेरिकेचा लांब व्याख्यान दौरा झाला. एएनसीत ते आले ते वयाच्या सेहेचाळिशीच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे ज्या वयात पुढाऱ्याची दुसरी पिढी तिकीट मागू लागते, त्या वयात यांनी सभासदत्वाची पावती फाडली. १९४६ मध्ये डुबे वारले, त्यांच्या जागी लुथुली नेटिव्ह रिप्रेझेंटेटिव्ह कौन्सिलवर गेले. ही सरकारला सल्ला देणारी, आणि सल्ला कुणीच न घेणारी परिषद. त्याच वर्षी सोन्याच्या खाणींतला संप सरकारने गोळ्या घालून मोडला, तेव्हा परिषदेच्या सभासदांनी निषेध करून कामकाज तहकूब केलं. तिचं वर्णन तिच्याच एका सभासदाने ‘खेळण्यातला टेलिफोन’ असं केलं होतं. फुटबॉल असोसिएशनला यापेक्षा जास्त अधिकार होते.

पुढचं वेगाने घडलं. १९५१ मध्ये नाताळ एएनसीचे अध्यक्ष, १९५२ मध्ये अन्यायी कायदे मोडण्याची देशव्यापी मोहीम. सरकारने चीफला प्रिटोरियाला बोलावून विचारलं: एएनसी की चीफपद, एक निवडा. त्यांनी निवडायला नकार दिला. नोव्हेंबरात सरकारने बडतर्फ केलं, डिसेंबरात एएनसीने राष्ट्रीय अध्यक्ष केलं. गावाने बडतर्फी मानलीच नाही. मरेपर्यंत ते लोकांसाठी चीफच राहिले. पगार मात्र बंद झाला.

इथे नोकुखान्या. ग्राउटविलचं घर त्यांनी चालवलं, आणि चालवलं म्हणजे अक्षरशः कुदळ-खुरप्याने. नवरा ॲडम्सला शिकवत होता तेव्हाही त्या गावी राहून शेत पाहत होत्या. सात मुलं, ऊस, भाजीपाला, आणि दिवसभर ‘चीफला भेटायचंय’ म्हणत येणारी माणसं. त्यांत कोण पाहुणा आणि कोण पोलिसांचा माणूस, हेही त्यांनीच ओळखायचं. नवरा अहिंसेवर बोलू शकला, कारण घरात धान्य होतं. चरित्रांत त्यांचा उल्लेख ‘साथ दिली’ असा येतो. साथ कसली, कणा होता तो.

१९५३ पासून बंदीहुकूम सुरू झाले. आधी वर्षभर, मग दोन वर्षं, मग १९५९ मध्ये पाच. मोठ्या शहरांत जायचं नाही, कुठल्याही जमावात दिसायचं नाही, मग जिल्ह्याची हद्दच ओलांडायची नाही. १९५५ मध्ये क्लिपटाउनला स्वातंत्र्याची सनद मंजूर झाली आणि त्याच मेळाव्यात त्यांना, दादूंना आणि फादर हडलस्टनना चळवळीचा सर्वोच्च सन्मान जाहीर झाला. लुथुली तिथे जाऊ शकले नाहीत. माणसांत रमणाऱ्या, त्यातही गर्दीच्या खेळात रमणाऱ्या माणसाला याहून नेमकी शिक्षा शोधून सापडली नसती. ॲडम्स कॉलेजही दरम्यान संपलं. बंटू एज्युकेशन कायद्याखाली सरकारने ते ताब्यात घेतलं. आफ्रिकी लोकांचं खातं सांभाळणारे तेव्हाचे मंत्री फर्वूर्त यांच्या या धोरणाचा गाभा उघड होता: काळ्या मुलाला मजुरीपलीकडचं स्वप्न पडेल असं शिक्षण देऊच नये. ज्याने उमेदीची वर्षं त्याच वर्गांत घालवली, त्या मास्तराला हा घाव बडतर्फीपेक्षा जास्त लागला असणार.

१९५६ च्या डिसेंबरात राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक, वर्षभराने सुटका. १९६० मध्ये शार्पव्हिलला पासच्या सक्तीविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार. त्यानंतर २६ मार्चला प्रिटोरियात त्यांनी स्वतःचा पास जाळला. पास म्हणजे काळ्या माणसाने सतत जवळ बाळगायची ती परवाना-वही. चार दिवसांत ते कोठडीत होते, आणि तिथे साठी ओलांडलेल्या या आजारी माणसावर हातही उचलला गेला.

ऑक्टोबर १९६१ मध्ये आदल्या वर्षीचं नोबेल जाहीर झालं. हा माणूस या सन्मानाच्या लायकीचा नाही, असं सरकारने बोलून दाखवलं आणि दहा दिवसांचा पासपोर्ट दिला. ओस्लोत ते झुलू चीफच्या वेषात उभे राहिले. परतल्यावर एक-दोन दिवसांतच, १६ डिसेंबरला, मंडेलांच्या नेतृत्वाखालच्या सशस्त्र संघटनेने पहिले स्फोट केले. लुथुलींना हे किती ठाऊक होतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. त्या वर्षाच्या मध्यावर रात्ररात्र बैठका झाल्या होत्या, आणि त्यांतून निघालेला तोडगा अगदी कमिटीछाप होता: एएनसी अहिंसकच राहील, वेगळी संघटना काढणाऱ्यांना मात्र ती अडवणार नाही. ज्याला सगळ्यांना एका संघात ठेवायचं आहे, तो असाच ठराव करतो. मला यात ना दुटप्पीपणा दिसतो, ना संतपण. ज्याला आपलं म्हणणं बहुमताने बाजूला पडलेलं पाहून पुन्हा पुढच्या बैठकीला यायची सवय आहे, त्याचा हा व्यवहार आहे. अहिंसेवरची त्यांची स्वतःची श्रद्धा ढळली नाही.

बक्षिसाच्या पैशांतून त्यांनी शेजारच्या स्वाझीलँडमध्ये शेतजमीन घेतली, देश सोडून पळालेल्या निर्वासितांच्या आधारासाठी. तिकडचं काम पाहायला कोण जात होतं? नोकुखान्याच.

२१ जुलै १९६७ ला ते रोजच्यासारखे घराबाहेर पडले आणि उम्व्होटीच्या रेल्वे पुलावर जखमी सापडले. आगगाडीचा धक्का, अपघात, असा निष्कर्ष काढून चौकशी मिटवली गेली. कुटुंबाने तो कधी मानला नाही. २०२५ मध्ये चौकशी पुन्हा उघडली, आणि ऑक्टोबरात पीटरमारित्झबर्गच्या न्यायालयाने जुना निकाल रद्द केला: मृत्यू गाडीने झाला नव्हता, डोक्यावरच्या मारहाणीने झाला होता, आणि त्यात सुरक्षा पोलिसांचा हात होता. अठ्ठावन्न वर्षांनी.

नोकुखान्या १९९६ पर्यंत जगल्या. त्याआधी १९९१ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या फुटबॉल संघटनांची मिळून एक संघटना झाली. त्या वाटाघाटींत कोणाचा अध्यक्ष, कोणाचा सचिव, कोणाची घटना, यावर किती खल झाला असेल, याची कल्पना कुठल्याही कमिटीवर बसलेल्याला येईल. फिफाने दार उघडलं आणि ७ जुलै १९९२ ला सगळ्या वंशांच्या खेळाडूंचा दक्षिण आफ्रिकेचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, कॅमेरूनविरुद्ध, डर्बनमध्येच, किंग्ज पार्कवर. सामना संपत आला तरी गोल नव्हता. मग यजमानांना पेनल्टी मिळाली, डॉक्टर खुमालोने ती मारली, आणि १-० ने जिंकले. पेनल्टी द्यायला हवी होती का, यावर आमचे मास्तर दोन दिवस तरी हुज्जत घालत बसले असते.